तिसऱ्या कडव्यातला शब्द

कामण,
१८ जानेवारी २०२६

प्रिय जेनी,

तू बरी असशील असं धरून चालते. बंगळुरूला या दिवसांत गारठा असतो म्हणे. गळ्याला काहीतरी गुंडाळत जा, तुझा घसा लगेच बसतो. इकडे आम्ही सगळे ठीक. अनू ज्युनियर केजीत जायला लागली. रोज घरातली एक तरी गोष्ट बाईंना सांगून येते, त्यामुळे शाळेच्या गेटवर मला मान खाली घालून उभं राहावं लागतं. अल्पेश त्याच गोडाऊनमध्ये आहे, आता डिस्पॅचचं सगळं तोच बघतो. आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, मागच्या दारी वांगी-मिरच्यांचं चाललेलं असतं.

तुझा पत्ता तुझ्या आईने, हिल्डा आंटींनी दिला. नाताळच्या आधी वसईच्या बाजारात भेटल्या, केकचं सामान घेत होत्या. म्हणाल्या, "जेनिफर गानी करते म्हनतात सगले. आम्हाला काय ऐकवत नाय." मी हसून वेळ मारून नेली. नंदाखालला तुमच्या घराला नवा रंग दिलाय म्हणे, पिवळा.

फोन असताना ही बाई पत्र कशाला लिहितेय असं तुला वाटेल. माझा फोन घरात सगळ्यांचा आहे. अनू त्यावर कार्टून बघते, आईंना मुलीशी बोलायचं असलं की तोच लागतो, अल्पेशला त्याचा पासवर्ड माहीत आहे आणि अल्पेशच्या फोनचा मला. आमच्यात लपवण्यासारखं काही नाही असं आम्ही दोघंही धरून चालतो. आणि बोलून पाठवावं म्हटलं तर, राग मानू नकोस, माझा आवाज तुझ्याकडे ठेवायची मला आता भीती वाटते.

का ते सांगते. पण अल्पेशपासून सुरुवात करते, नाहीतर मी भरकटेन.

लग्नात तू त्याला पाहिलंस तेव्हा तो क्रिकेटवाला होता. आता तो गाणी शोधतो. सिनेमातली नाहीत. कुणी आपापल्या खोलीत बसून केलेली, ज्यांच्यामागे कंपनी नाही, जाहिरात नाही, अशी. जेवणाच्या सुट्टीत गोडाऊनच्या मागे रिकाम्या पॅलेटवर बसतो, कानाला हेडफोन लावतो आणि एका गाण्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात शिरत जातो. नालासोपाऱ्याचा एक मुलगा आहे, तो गच्चीवरच्या रिकाम्या टाकीत तोंड घालून गातो, आवाज घुमतो म्हणून. साताऱ्याकडची एक बाई स्टीलच्या डब्यांवर ताल धरते. शंभर माणसांनीही न ऐकलेलं गाणं हाती लागलं की अल्पेशचा चेहरा अगदी अनूसारखा होतो. 'नवं ऐक' नावाचं पेज काढलंय त्याने. दर रविवारी सकाळी एक गाणं, खाली त्याने लिहिलेल्या चार ओळी. आपल्या वसई-विरारचेच लोक जास्त, पण बाहेरचेही जमत चाललेत. गाणाऱ्याला तो स्वतः निरोप पाठवतो, "तुमचं गाणं आम्ही ऐकलं." म्हणतो, एवढं तरी कुणीतरी त्यांना कळवायला हवं ना.

आता तुझ्या लक्षात आलं असेल.

डिसेंबरातला एक रविवार. मी ओट्यापाशी बोईट मासे साफ करत होते. बाहेर अल्पेशने स्पीकर लावला आणि ओरडला, "रीमा, ऐक ऐक! खाजण नावाचं कुणीतरी आहे. आपल्या बोलीत गातेय!" आधी गिटार आली, तारा सैल सोडल्यासारखी. मागे खरखर. आणि मग गाण्याआधी घेतलेला श्वास. जेनी, शब्द यायच्या आधी मी तुला ओळखलं. कॉलेजात माझ्या कानाशी गुणगुणायचीस तेव्हाही आधी असाच श्वास घ्यायचीस, पाण्यात उडी मारणार असल्यासारखा.

मला पहिल्यांदा आनंदच झाला. हे लिहून ठेवते, कारण पुढे पत्रात तो दिसणार नाही.

"पानी आला, पानी गेला, मी बांधावर तशीच गो."

माझ्या हातातलं बोईट सुटून मोरीत पडलं. तुझ्या घरची बोली वेगळी, हे तुला काय सांगायला हवं? गाण्यातली बोली माझ्या घरची आहे. तुझ्यासमोर मी नेहमी कॉलेजातलं मराठी बोलायचे. या बोलीत मी तुझ्याशी एकाच दिवशी बोललेय.

मी हात धुतले आणि बाहेर जाऊन दारात उभी राहिले. अल्पेश डोळे मिटून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "होडीवर गेलेल्या नवऱ्याची वाट बघतेय बिचारी." आई निवडत असलेली भाजी ठेवून म्हणाल्या, "आपल्यातली कोन गो ही? कोनाची पोर?" मी म्हटलं, मला काय माहीत.

त्याच दिवशी सांगितलं असतं, ही जेनी आहे, तर विषय तिथेच संपला असता. अल्पेश तुझ्याशी लग्नात दोन शब्द बोलला असेल, त्याला आवाज कुठून ओळखू येणार? पण मी म्हटलं मला काय माहीत, आणि मग ते तसंच पुढे नेत बसले.

त्याने ते गाणं पेजवर टाकलं. लोकांना फार आवडलं. खूप जणांनी शब्द मागितले. मागच्या शनिवारी संध्याकाळी तो वही घेऊन माझ्याजवळ बसला. दोन कडवी त्याने आधीच उतरवली होती. तिसऱ्यात तू आवाज अगदी खाली नेलास आणि गिटार वर आणलीस. तो पुन्हा पुन्हा तीच जागा लावत होता.

"दू... पुढे काय? दू काहीतरी, आणि शेवटी गो. तू ऐक, तुझा कान चांगला आहे."

त्याने हेडफोन माझ्या कानावर ठेवला. मला तर तो लावायचीही गरज नव्हती. मी म्हटलं, "दूर गेला होरीनं गो, कुनासाठी आठवना."

"होडीने दूर गेला, आणि कुणासाठी गेला तेही तिला आठवत नाही," अल्पेश म्हणाला. "काय लिहिलंय बघ!" त्याने तसंच टाकलं. आता सगळे तसंच म्हणतात. आमच्या शेजारचा संकेत गाडी धुताना तसंच म्हणत होता.

तिथे खरा शब्द काय आहे हे फक्त तुला आणि मला माहीत आहे. ते आपल्यातच राहू दे. म्हणजे, जमत असेल तर तेवढं कडवं काढून टाक. तुम्हा लोकांना असं करता येतं ना, जुनं काढून नवं चढवता येतं? कुणाला कारण सांगायची गरज नाही. गाणं चांगलं आहे. मला वाईट हेतूने लिहायचं नाही. पण अल्पेश दिवसातून तीन वेळा ते लावतो, आणि मी प्रत्येक वेळी काहीतरी काम काढून मागच्या दारी जाते, आणि आईंच्या वांग्यांना आता गरजेपेक्षा जास्त पाणी झालंय.

अनू तुला ओळखत नाही. तुझा फोटो दाखवला तर म्हणाली, ही मावशी हसत का नाही.

उत्तर पोस्टानेच पाठव. दुपारी पोस्टमन येतो तेव्हा मी घरी असते.

तुझीच,
रीमा


कामण,
२३ जानेवारी २०२६

जेनिफर,

रविवारी लिहिलेलं पत्र तुला अजून मिळालं नसेल. मिळालं असतं तर तू तसं केलं नसतंस, असं मी स्वतःला समजावतेय.

मंगळवारी सकाळी अल्पेश चहा घेत होता, मी अनूच्या डब्यात घावन भरत होते. फोन बघून तो खूश झाला. "खाजणने स्वतः उत्तर दिलंय!" आणि मोठ्याने वाचलं. शब्द इतक्या प्रेमाने उतरवल्याबद्दल आभार. फक्त तिसऱ्या कडव्यात थोडी चूक आहे. दूर गेला होरीनं असं नाही, दूध आला चोलीला असं आहे. खाली तुझं नाव, तुझा फोटो.

दूध आला चोलीला गो, कुनासाठी आठवना.

मग ती अख्खी ओळ त्याने पुन्हा मनातल्या मनात वाचली. त्याचे ओठ हलताना मला दिसले. मग त्याने तुझा फोटो मोठा केला.

"ही जेनी ना? तुझी जेनी?"

"हो."

"तुला माहीत होतं?"

मी डब्याचं झाकण लावत होते. ते लागतच नव्हतं.

"आणि दूधच्या जागी दूर ऐकू आलं तुला? चोलीच्या जागी होरी? रीमा, तू..."

तो तिथेच थांबला, कारण अनू बूट घालून येऊन उभी राहिली होती. तिला शाळेत सोडून तो कामावर गेला. दुपारी घरी आला. दुपारचा तो कधी येत नाही. आई शेजारी गेल्या होत्या. ताट वाढलं, पण बसला नाही. उभ्यानेच बोलला.

"जेनीबरोबर तू दर गुरुवारी वसईला शिवणाच्या क्लासला जायचीस. अनू लहान असताना. घरात एक फ्रॉक शिवलेला मी पाहिला नाही. तेव्हा म्हटलं, बाहेर पडावंसं वाटत असेल, जाऊ दे. अनूला वरचं दूध सुरू केलं तेही तेव्हाच." मग म्हणाला, "गाण्यातली बाई तू आहेस का?"

मी हो म्हटलं.

पुढे त्याला जे सांगितलं तेच तुला लिहिते, म्हणजे कुणाला कमी-जास्त सांगितलं असं होणार नाही. अनू दोन महिन्यांची होती. आई शेतावर गेल्या होत्या. ती सकाळपासून रडत होती आणि मला ते रडणं शेजारच्या घरातलं असावं तसं ऐकू येत होतं. मी तिला पाळण्यात ठेवलं, दाराला बाहेरून कडी लावली आणि खाडीच्या बांधावर जाऊन बसले. परत यायचं नाही असं ठरवलं नव्हतं, असं मी अल्पेशला सांगितलं. ते खरं आहे की नाही ते मला माहीत नाही. बाळाला बघायला म्हणून तू आलीस. कडी काढलीस, तिला उचललंस आणि तिला घेऊन मला शोधत बांधावर आलीस. त्यानंतर वसईच्या डॉक्टरीणबाई, गोळ्या, आणि घरी सांगायला तो शिवणाचा क्लास. सगळं सांगितलं.

तो ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "जेनीला माहीत. ते गाणं ऐकणाऱ्या सगळ्यांना माहीत. मला गाण्यातून कळतंय. आणि ते मीच शोधून आणलं."

ताटातला भात वाळून गेला.

जेनिफर, त्या दिवशी बांधावर मी बोलले ते बोलायला माझ्याकडे दुसरं कुणी नव्हतं. म्हणून तुझ्याकडे ठेवलं. ठेवायला दिलेलं कुणी वापरत नाही.

फोन करू नकोस. मी उचलणार नाही.

रीमा


कामण,
१ मार्च २०२६

प्रिय जेनी,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. रोज उत्तर लिहायला बसायचे आणि उठायचे. तुझे फोन आलेले बघितले. उचलले नाहीत, त्याबद्दल माफी मागत नाही.

तू लिहिलंस की मी सांगेन त्या दिवशी गाणं काढून टाकशील. आणि लिहिलंस की ते तू कुणाला ऐकवायला केलंच नव्हतं. आमच्या घराची कडी काढतानाचा अनूचा आवाज तुझ्या कानातून जात नव्हता, झोपायचीस तरी यायचा, म्हणून केलंस.  तुझं काय झालं हे मी कधी विचारलंच नव्हतं. दर गुरुवारी तू नंदाखालहून स्कूटर काढून यायचीस, डॉक्टरीणबाईंच्या बाकावर शेजारी बसायचीस, मला घरी सोडायचीस. नंतर बंगळुरूला गेलीस तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. मला वाटायचं, तुला बघितलं की मला तो दिवस दिसतो. तुला मला बघून काय दिसत असेल ते सुचलं नाही.

आता इकडचं सांगते.

अल्पेश ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने गाणी बंद केली. रविवार यायचा, स्पीकर कपाटावर तसाच. पेजवर लोक विचारत होते, दादा बरे आहात ना. तो रोज दुपारी घरी यायला लागला. अनूला शाळेत सोडायला तो, आणायला कसंही करून तोच. मी तिला आंघोळ घालायचे तर तो बाथरूमच्या दाराशी उगाच टॉवेल धरून उभा. एकदा तिला घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात निघाले, तर चपला घालून मागे आला. "मलाही काडेपेटी घ्यायचीय," म्हणाला. घरात काडेपेट्यांचा अख्खा पुडा पडलेला होता.

  चार वर्षं या मुलीचा ताप, दात, शाळा सगळं मी केलं, आणि माझ्या नवऱ्याला तिला माझ्याबरोबर एकटं ठेवायची भीती वाटत होती. सगळ्यात वाईट काय झालं सांगू? मलाही वाटायला लागली. अनू रडायला लागली की मी आधी स्वतःकडे बघायचे, आत काही होतंय का. एकदा तर तिला रडत ठेवून मीच आईंना हाक मारली. डॉक्टरीणबाईंकडे पुन्हा जाऊन आले, तुला सांगायचं राहिलं. या वेळी एकटी गेले. त्या म्हणाल्या, आजार परत आलेला नाही, भीती आलीय, आणि भीती घरातून आलीय. नवऱ्याला घेऊन या म्हणाल्या. मी घरी येऊन त्याला ते सांगितलं नाही.

मग आईंनी तोंड उघडलं.

अल्पेश नेहमीप्रमाणे दुपारी आला. आई जमिनीवर बसून वाल सोलत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "काय रं, रोज दुपारचा येतंस. गोडाऊन बंद परला काय?"

"असंच."

"असाच नाय. बायकोवर पहारा द्याला येतंस."

मी ओट्यापाशी होते. तिथून हलायचं मला सुचलं नाही. अल्पेश म्हणाला, "आई, तुला माहीत नाही काय झालं होतं ते."

"मना पयल्यापासून म्हाईत हाय. मी काय आंधली? शेतावरशी आले तं हिच्या पायाला खारीचा चिखल. पोरीच्या झबल्याला पन, हिच्या त्या मैतरनीच्या चपलांना पन चिखल. दोन मयन्याची पोर काय चालत गेलती?" त्यांनी सोललेला वाल वाटीत टाकला. "त्या दिसापासून मी शेत सोरला. गुडघं दुखतान म्हनून सांगितला सगल्यांना. गुडघं काय दुखत नव्हतं."

जेनी, तुला आठवतं का, मी तेव्हा तुझ्याकडे कुरकुर करायचे, सासूबाई घरातून हलत नाहीत, सारखी पाळत? त्यांनी एक अख्खं वर्ष शेत दुसऱ्याला करायला दिलं. ज्या बाईला पावसात लावणीला गेल्याशिवाय चैन पडत नाही तिने. मला वाटायचं, वय झालं.

"मग मला का नाही सांगितलंस?" अल्पेशचा आवाज चढला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

"तुला सांगून तू काय केला असतास? आता करतंस ताच. दारात उभा रायला असतास." मग त्यांनी त्याच्याकडे बघितलं. "मी घरात रायले. पन हिच्या मागं नाय फिरले. पोर हिच्याच हातात दिली, न् मी माज्या कामाला. समजला?"

अल्पेश बसला. मांडी घालून आईसमोरच बसला आणि एक शेंग उचलून सोलायला लागला. मी त्याला वाल सोलताना कधी पाहिलं नव्हतं. त्याला नीट जमतही नव्हतं.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी अनू झोपली होती. आई मुलीकडे गेल्या होत्या, मुद्दाम गेल्या असाव्यात. अल्पेश अनूच्या पायांशी बसला होता. त्याने विचारलं, "त्या दिवशी तू परत का आलीस?"

मी वाळलेले कपडे घड्या घालायला पुढ्यात ओढले.

"अनूसाठी?"

हो म्हणणं सोपं होतं. त्याला तेच हवं होतं, आणि मलाही. पण एकदा एका शब्दाच्या जागी दुसरा घातला त्याचं काय झालं ते मी बघत होते. म्हटलं, "नाही. जेनी उठली म्हणून मी उठले. तिने अनूला माझ्या मांडीवर ठेवलं तेव्हाही मला काही वाटलं नाही. दूध आलं होतं, दुखत होतं, बस. ते कुणासाठी आहे हे कळत होतं, पण आठवत नव्हतं. कसं सांगू तुला."

"मग कधी आठवलं?"

"गोळ्या सुरू झाल्यावर. दीडेक महिना गेला असेल. तिला आंघोळ घालून पुसत होते. कानामागे फेस राहिला होता. तो बोटाने काढला आणि एकदम वाटलं, ही माझी आहे. मी तिथेच ओल्या पाटावर बसले. आईंनी विचारलं काय झालं, तर म्हटलं पाय घसरला."

 तो अनूच्या पायावरची चादर नीट करत राहिला. ती नीटच होती. मग म्हणाला, "तेव्हा सांगितलं असतंस तर मला कळलं नसतं."

"हो."

"तरी सांगायला हवं होतंस."

"हो," मी म्हटलं. मग डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या तेही सांगितलं. पुढच्या गुरुवारी आम्ही दोघं जाऊन आलो. त्याने रजा टाकली. बाकावर बसल्यावर त्याने विचारलं, "जेनी इथेच बसायची का?" मी म्हटलं, तू बसलायस तिथेच.

सगळं नीट झालंय असं समजू नकोस. दुपारी तो घरी येत नाही, पण फोन करतो. आधी अनूचं विचारतो, मग थोडा थांबतो, मग माझं. मी त्या थांबण्याकडे कान लावून असते. त्याने अजून एकही नवं गाणं लावलेलं नाही. आणि माझा तुझ्यावरचा राग गेलेला नाही. तू मला विचारायला हवं होतंस. मी नाही म्हटलं असतं, म्हणूनच विचारायला हवं होतं.

पण आज सकाळी एक झालं. त्याने पेज उघडलं. शब्द अजून चुकीचेच होते, तुझी कमेंट खाली तशीच, त्यावर लोकांची चर्चा, दूर बरोबर की दूध. एकाने लिहिलं होतं, दूध कसं असेल, प्रेमाचं गाणं आहे. अल्पेशने फोन माझ्यापुढे धरला. "बदलू का? तू म्हणशील तसं. नाहीतर सगळंच काढून टाकतो."

मी त्याच्या हातातून फोन घेतला आणि ती ओळ माझ्या बोटांनी बदलली. तीन वेळा चुकले. अल्पेशने खाली लिहिलं, चूक आमची होती. आमची, असं लिहिलं त्याने.

आई म्हणाल्या, लाव बघू तो गाना, मना नीट ऐकू दे. त्याने स्पीकर काढला. मी या वेळी मागच्या दारी गेले नाही. त्यांच्या शेजारी बसले. तिसऱ्या कडव्याला त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, पायावरची माशी हाकलली फक्त. संपल्यावर म्हणाल्या, "बरी गाते पोर." मग जरा विचार करून, "पन ही एकटीच कशी बसलीय बांधावर? तवा तं दोघी व्हत्या ना?"

तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच आहे, म्हणून आज लिहायला बसले.

जेनी, तू गाण्यात नाहीस. तू मला तिथे एकटीला ठेवलंस. पाणी येतं, जातं, बाई बसलेली, आणि शेवटी ती आपली आपण उठते आणि घराकडे वळते. असं झालं नव्हतं. तू एका हाताने अनूला धरून, चपला चिखलात रुतवत आलीस, माझ्याशेजारी बसलीस आणि एक शब्द बोलली नाहीस. ऊन चढलं तेव्हा म्हणालीस, "चल, हिला तहान लागलीय." आणि उठलीस. मी तुझ्या मागे चालत आले. तू वळून बघितलं नाहीस, मी येतेय असं धरून चालत राहिलीस. ते सगळं तू खोडलंस. का ते मला कळतं. तुला वाटलं, ही माझी गोष्ट नाही, हिची आहे, आपण मध्ये कशाला यायचं. पण आज माझ्यासारखी कुणी ते गाणं ऐकत बसली असेल तर तिला वाटेल, असं आपलं आपणच उठायचं असतं. मला तसं उठता आलं नसतं.

म्हणून गाणं काढू नकोस. चौथं कडवं कर. त्यात काय असावं ते मी सांगणार नाही, तो भाग तुझा आहे, तुझ्याच घरच्या बोलीत कर. फक्त बाहेर सोडायच्या आधी मला म्हणून दाखव. फोनवर नको. इथे कामणला येऊन, अल्पेश आणि आईंसमोर. अल्पेश तुझ्याशी कसा वागेल ते मला माहीत नाही. मी कशी वागेन तेही माहीत नाही. कदाचित तू दारात आलीस की मी आत निघून जाईन. तरी थांब.

तुझ्यावर रागावलेली, आणि तुझ्यामुळे आहे ती,

रीमा